बिनस्क्रूची पेटी

आधी तारखा आणि माणसे. नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला नीट आठवत नाही.

गणेशोत्सव, २००६: नागपूरहून सीडी आली. जबाबदार कोणी नाही. उलट ज्या भाच्याने ती पाठवली त्याचे आभार.

दसरा, २००६, म्हणजे त्यानंतरचा शनिवार, कारण अमेरिकेत आमचे सण शनिवारची वाट पाहतात: सीडी संगणकात अडकली. जबाबदार, ज्याने त्या संगणकाला समोर उघडे तोंड ठेवले आणि पोट उघडायला एकही स्क्रू ठेवला नाही, तो आरेखक.

त्याच ऑक्टोबरात: संगणक दुकानात होता. जबाबदार, दुकानाचा व्यवस्थापक आणि मागच्या खोलीतला तो तंत्रज्ञ, जो मला कधीच दाखवण्यात आला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार: संगणक आम्ही घरी उघडला. जबाबदार, मी आणि माझा जावई. ही जबाबदारी मी नाकारत नाही, सांगतो आहे.

मार्च, २००७: कंपनीचे उत्तर आले. जबाबदार, त्याखाली जिची छापील सही आहे ती व्यक्ती, अशी व्यक्ती अस्तित्वात असल्यास.

या यादीत माझ्या पत्नीचे नाव नाही. तिच्या स्वतःच्या यादीत मात्र तेवढे एकच नाव आहे. हा लेख मी त्या यादीविरुद्ध लिहीत आहे.

मी नागपूरला दिवाणी वकिली केली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे मुलीकडे, मिशिगनमधल्या ट्रॉय या गावी, राहायला आलो. पत्नी गाणे शिकवीत असे. इथेही तळघरात सतरंजी टाकून ती आठवड्यातून एकदा मराठी घरांतल्या मुलींना शिकवू लागली. तिला स्वतःला ज्यांनी शिकवले त्यांना आम्ही सर्व ‘बाई’ म्हणत असू. बाई कोणाला ध्वनिमुद्रण करू देत नसत. फक्त माझ्या पत्नीचे लग्न ठरले आणि ती काही काळ नागपूर सोडणार असे कळले, तेव्हा त्यांनी एक दुपार टेपरेकॉर्डर समोर ठेवू दिला. मोठ्या चकत्यांचा, जड रेकॉर्डर होता तो. त्या दुपारी बाईंनी तिला काही बंदिशी पुन्हा पहिल्यापासून शिकवल्या: त्या म्हणायच्या, ही म्हणायची, त्या थांबवायच्या, ही पुन्हा म्हणायची.

ती टेप भाच्याने माळ्यावरून काढली आणि एका ओळखीच्या माणसाकडून सीडीवर उतरवून घेतली. उतरवतानाच टेपचा थर सुटून भुकटी होऊन पडत होता, असे त्याने फोनवर सांगितले. टेप एकदाच वाजली आणि संपली. म्हणजे ती सीडी ही प्रत नव्हती. तेच आता मूळ होते.

पाकीट आले त्याच संध्याकाळी जावई म्हणाला होता की लगेच कॉपी करून ठेवू. पत्नीने नको म्हटले. दसऱ्याला करू म्हणाली, बाईंचा आवाज या घरात पहिल्यांदा येतोय, तो चांगल्या दिवशी येऊ दे. जावयाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, आणि मला आजही वाटते की बोलण्यासारखे काही नव्हते. आपण घर घेतो, दागिना घेतो, मुलाच्या हातात पाटी देतो, ते दिवस पाहूनच. सीडीला यंत्र म्हणून वेगळा नियम का?

आमच्या घरी खंडेनवमीला आणि दसऱ्याला ज्याचे त्याचे हत्यार पूजेला मांडतात. नागपूरला माझे कायद्याचे ग्रंथ आणि तिचा तंबोरा असे. ट्रॉयला त्या शनिवारी चौरंगावर जावयाचा लॅपटॉप, मुलीचा स्टेथोस्कोप, पत्नीची इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणि तो लहान संगणक असे सर्व होते. हा संगणक मी तिच्यासाठीच घेतला होता. लाडूच्या डब्याएवढा, पांढरा, चौकोनी, चारी कडांनी गुळगुळीत. समोर एक आडवी फट. सीडी तिच्या तोंडाशी धरली की यंत्र ती स्वतः आत ओढून घेई.

पूजा झाली. तिने सीडी फटीशी धरली, यंत्राने ती ओढायला सुरुवात केली, आणि अर्धी आत अर्धी बाहेर असताना तिने तिच्यावर अक्षता वाहिल्या. काही दाणे ओल्या कुंकवाने सीडीला चिकटले आणि तिच्याबरोबर आत गेले. क्षणभर खरखर ऐकू आली. जावयाने वायर ओढून यंत्र बंद केले. तो फार चपळ आहे, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

आता सीडी बाहेर काढायची कशी? मी पेटी हातात घेऊन उलटी केली. खाली रबरी बूड. बाजूला काही नाही. मागे वायरींची भोके. कुठेही स्क्रू नाही, खिट्टी नाही, बिजागरी नाही. डेट्रॉइटच्या या परिसरात मी कुणाच्याही दारात उभा राहिलो तर गाडीचे बॉनेट उघडून माणूस आत वाकलेला दिसतो. बॉनेट उघडायला कंपनीनेच दांडी दिलेली असते. कुकरचे झाकण उघडते, शिवणयंत्राचे पोट उघडते, घड्याळाची पाठ उघडते. पैसे देऊन घेतलेली, पूर्ण माझ्या मालकीची वस्तू, आणि तिच्या आत जायला मला वाट नाही. विक्री पूर्ण झाली तेव्हा मालकी पूर्ण झाली. अर्ध्या मालकीचा असा कोणता कायदा आहे, तो मला दाखवावा.

सोमवारी मी जावयाबरोबर त्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण होता, नम्र होता. मी त्याला लेखी टिपण दिले: आत सीडी आहे, ती एकमेव आहे, तिच्यावर तांदळाचे दाणे आहेत, कृपया यंत्र सुरू करू नये, उघडून सीडी काढावी. त्याने टिपण वाचले आणि विचारले, तांदूळ कसे गेले? मी सांगितले की आम्ही यंत्राची पूजा केली. त्याने मान हलवली आणि संगणकावर काहीतरी टाइप केले. पावती छापून आली. तिच्यावर लिहिले होते की ग्राहकाने यंत्रात अन्नपदार्थ घातला.

मी म्हटले, हे अन्न नाही. तो म्हणाला, सर, तांदूळ आहेत ना? मी म्हटले, तुमच्या चर्चमध्ये लग्न झाल्यावर नवऱ्या-नवरीवर तांदूळ टाकतात, तेव्हा त्यांना जेवायला घालता का? जावयाने माझी बाही कोपराशी धरून ओढली. “बाबा, तो पोरगा काय करणार? त्याच्या मेन्यूमध्ये तेवढाच ऑप्शन आहे.”

असेल. पण त्या एका पर्यायामुळे वॉरंटी संपली. शिवाय त्या पावतीने एक माणूस दोषी ठरवला, तोही कुणाचे म्हणणे न ऐकता. घरी आल्यावर पत्नीने पावती वाचली. इंग्रजी तिला उत्तम येते. ती घडी करून तिने देवघराच्या कोनाड्यात ठेवली, जणू ती शिक्षेची आज्ञा होती.

चारेक दिवसांनी दुकानातून फोन आला. तोच तरुण. सीडी बाहेर येत नाही, म्हणाला. आम्ही बऱ्याच वेळा प्रयत्न केला.

मी विचारले, प्रयत्न म्हणजे काय?

त्याने मोकळेपणाने सांगितले. मागच्या खोलीत तंत्रज्ञाने यंत्र चालू केले, सीडी बाहेर टाकण्याची आज्ञा दिली, आवाज आला, बंद केले, पुन्हा चालू केले. माझे टिपण? ते फाइलला लावलेले आहे, सर.

पुढे तो म्हणाला की आता सीडी वाचणारा पूर्ण भाग बदलावा लागेल, आणि काढलेला जुना भाग कारखान्यात परत जातो. मी विचारले, आतल्या सीडीसकट? तो म्हणाला, हो, आत जे राहिले असेल त्यासकट. धोरण तसे आहे.

मी आयुष्यभर इतरांच्या जमिनीवर चढलेल्या भिंतींचे आणि दुसऱ्याच्या विहिरीतून ओढलेल्या पाण्याचे दावे लढवले. पण एकाचे गाणे दुसऱ्याच्या कारखान्यात ‘आत जे राहिले असेल’ म्हणून जाते, हे मी प्रथमच ऐकत होतो. त्याच दिवशी जाऊन मी यंत्र परत आणले.

आता उघडायचे घरीच. इथे माझा आणि जावयाचा वाद झाला. तो मोटारींच्या दाराचे आतले पॅनेल आखतो. त्याचे पोट त्याच कामावर चालते.

तो म्हणाला, “बाबा, आमच्या पॅनेललाही बाहेरून स्क्रू नसतात. आत क्लिप असतात. स्क्रू दिसलेला लोकांना आवडत नाही.”

“लोकांना विचारलं होतं?”

“मार्केटिंगनं विचारलं असणार.”

“मला नाही विचारलं.”

“तुम्ही कस्टमरच्या ॲव्हरेजमध्ये बसत नाही, बाबा. तुम्ही टोस्टरचं मॅन्युअलसुद्धा वाचता.”

मुलगी हसली. पत्नी हसली नाही. पण वादाच्या शेवटी जावयानेच सांगितले की कडा आतून दाबून बसलेल्या आहेत. पातळ, रुंद पाते कडेच्या फटीत घालून हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला कलते केले की क्लिप सुटतील. पाते जाड असेल तर कड तुटेल. टोकदार असेल तर घसरून आतली वायर कापेल. हत्यार नीट निवडले पाहिजे.

मग आम्ही हत्यारे निवडली. पत्नीने स्वयंपाकघरातून उलथने आणले, नागपूरहून बरोबर आणलेले, पोळ्या उलटण्याचे. जावयाने त्याची कड नखाने चाचपली आणि परत दिले. कड जाड होती, शिवाय पाते मधे वाकलेले होते. लोणी लावायची सुरी पातळ होती पण अरुंद. सगळा जोर एका ठिकाणी येऊन प्लॅस्टिकवर व्रण उठला असता. मी माझा जुना पेचकस पुढे केला, तर तो म्हणाला की पेचकसाने पेटी उघडत नाही, फुटते. शेवटी आम्ही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि भिंतीतल्या चिरा बुजवायला रंगारी लांबी भरतात, त्याचे रुंद, लवचिक पाते आणले. जावयाने त्याची कड बारीक पॉलिश कागदावर घासून बोथट केली, म्हणजे ओरखडा येऊ नये.

एकदा फट उघडली की ती उघडी राहावी यासाठी काहीतरी पातळ हवे होते. ते आमच्या घरी ढिगाने होते: भारतात फोन करण्याची संपलेली कार्डे. अशी कार्डे प्रत्येक देशी किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ मिळतात आणि बोलणे संपल्यावर कोणीही ती टाकून देत नाही, का ते मला माहीत नाही.

आतून जे सुटे भाग निघतील ते ठेवायला पत्नीचा जुना मिसळणाचा डबा घेतला. मोहरीच्या वाटीत पहिल्या थराचे, हळदीच्या वाटीत दुसऱ्याचे, म्हणजे लांबी-रुंदीची गल्लत होणार नाही. डबा तिने स्वतः आधी धुऊन, पुसून, तासभर उन्हात ठेवला. एक दाणाही राहू नये.

ट्रॉयला थंडी सुरू झाली की हीटरने घर इतके कोरडे होते की गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला तर ठिणगी बसते. तशी एक ठिणगी आतल्या सर्किटच्या पट्टीवर पडली तर यंत्र संपले. म्हणून गालिचा सोडून स्वयंपाकघरात फरशीवर, मोजे काढून, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरून बसलो. वायर काढलेली. प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी नळाच्या धातूला हात लावायचा, असे जावयाने ठरवून दिले. भर दुपार होती, खिडकीतून भरपूर उजेड होता. तरीही मुलीने टॉर्च धरली.

पाते घातले. कलते केले. क्लिप सुटताना असा कडकन आवाज झाला की पत्नीने डोळे मिटून घेतले. काही तुटले नव्हते. जावई म्हणाला, “आई, हाच आवाज बरोबर असतो.” एक कार्ड, दुसरे कार्ड, मग दुसरी बाजू. शेवटी पेटीचे आवरण टोपणासारखे वर आले आणि आतला सांगाडा उघडा पडला. सांगाड्यात स्क्रू होते. साधे, फुलीचे, चारही कोपऱ्यांत.

म्हणजे स्क्रू त्यांना येत होते. तो आरेखक स्क्रूविरोधी नव्हता. स्वतःच्या माणसांसाठी त्याने स्क्रू ठेवले, माझ्यासाठी ठेवले नाहीत. ते चार स्क्रू पाहून मला जितका राग आला तितका पेटी बंद असताना आला नव्हता.

फुलीच्या लहान पेचकसाने जावयाने ते काढले, मोहरीच्या वाटीत ठेवले. सीडी वाचणारा भाग सुटला, त्याचे पत्र्याचे झाकण निघाले, आणि सीडी दिसली. तिच्यावर लालसर पूड होती. दाणे दळले गेले होते. अख्खा एकही नव्हता.

पत्नीने सीडी कडेने धरून उचलली, मऊ कापडाने मधून बाहेर अशी पुसली. छापील बाजूवर गोल चरे होते, एकात एक. जावयाने ती उजेडासमोर धरली. काही चऱ्यांतून उजेड आरपार येत होता. तो हळू आवाजात म्हणाला की आवाजाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. तो खरवडला गेला की पुढे पॉलिश करून उपयोग नसतो.

त्याने दुसऱ्या यंत्रावर ती चालवली. पहिल्या दोन बंदिशी स्वच्छ आल्या. बाईंचा आवाज, मागे रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा, आणि माझ्या पत्नीचा विशीतला आवाज, जो मी लग्नाआधी ऐकला नव्हता. तिसरी बंदीश सुरू झाली, स्थायी झाली, अंतऱ्यावर येताच आवाज अडखळला आणि तिथून पुढे काहीच नाही. बाकी सर्व गेले.

मी तिला म्हटले की अंतरा तुला येतोच, तू इथल्या मुलींना शिकवतेस. ती म्हणाली, “अंतरा येतो हो. बाई त्यात श्वास कुठे घेत, ते आठवत नाही. तेवढ्यासाठीच ऐकायचं होतं.”

मग तिने मिसळणाच्या डब्यातले स्क्रू जावयापुढे सरकवले आणि म्हणाली, “मी अक्षता टाकायला नको होत्या.”

त्या आठवड्यापासून तिने मुलींची शिकवणी बंद केली. आया फोन करत, काकू, बरं नाही का? ती सांगे, हिवाळा आहे, घसा धरलाय.

मी कायद्याने विचार करतो. क्षणभराची खरखर दसऱ्याच्या दिवशी झाली, हे खरे. त्या क्षणी किती चरे पडले हे कोणी सांगू शकत नाही. नंतर मागच्या खोलीत यंत्र अनेकदा फिरवले गेले, हे त्यांच्याच माणसाने फोनवर सांगितले. त्यात किती चरे पडले, हेही कोणी सांगू शकत नाही. जावई म्हणतो, “बाबा, प्रूव्ह नाही करता येणार.” बरोबर आहे. पण अक्षतांनी झाले हेही सिद्ध करता येणार नाही, आणि तरी निकाल लागला आहे, शिक्षाही सुरू आहे. ती एकटी भोगते आहे. दुसऱ्या पक्षाने अजून हजेरीसुद्धा लावलेली नाही.

मी कंपनीला इंग्रजीत पत्रे लिहिली. रजिस्टर्ड पाठवली. मार्चमध्ये उत्तर आले: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात, सदिच्छा म्हणून पुढील खरेदीवर सवलतीचे कूपन सोबत जोडले आहे. मी कूपन परत पाठवले. दुकानाच्या व्यवस्थापकाने एकदा फोन केला आणि सांगितले की वैयक्तिकरीत्या त्याला फार वाईट वाटते, पण हे तो लिहून देऊ शकत नाही. मी त्याला म्हटले की तुम्हाला वाटणारे वाईट मला एकट्याला ऐकवून उपयोग नाही. जिने गाणे थांबवले आहे तिने ते ऐकले पाहिजे, आणि ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी तिचा नवरा आहे. मी तिच्या बाजूनेच बोलणार, असे तिला वाटते.

म्हणून आता मराठीत लिहितो आहे. अशा पेट्या आखणाऱ्यांत, तपासणाऱ्यांत, विकणाऱ्यांत ही लिपी वाचणारे पुष्कळ आहेत. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला दूध पिऊन गेलेलेही असतील. त्यांनी मला खासगी ई-मेल पाठवू नयेत, आणि काका शांत व्हा असा निरोप जावयाकडे देऊ नये. त्यांच्यापैकी ज्याने ती पेटी आखली त्याने सर्वांसमोर सांगावे की आतले स्क्रू कोणासाठी ठेवले आणि बाहेर का नाहीत.

आणि त्या दुकानाच्या व्यवस्थापकाकडून मला एवढेच हवे आहे. ‘सुरू करू नये’ असे लेखी दिलेले असताना मागच्या खोलीत ते यंत्र कोणी सुरू केले आणि का, हे त्याने आमच्या गावच्या वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने, माझ्या पत्नीला सकाळच्या चहाबरोबर वाचता येईल अशा ठिकाणी छापावे. मी उत्तराची वाट पाहत आहे.